धुरकट काच आणि तळ्यातले वाटे

ती काच मला हवी होती.

हे आधीच लिहून टाकतो. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला अख्खा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा लागला, आणि तेवढ्या काळात माझ्या बायकोने माझ्या आईचे जे टोमणे खाल्ले ते खरं तर माझ्या ताटातले होते. आठवलं की अजून घास घशात अडकतो. अडकतो आणि मग उतरतो. जेवण मी कधी टाकलेलं नाही.

आमचं घर वसईतल्या पापडी गावाच्या पलीकडे, वाड्यांमधून वळत जाणारा रस्ता तळ्यापाशी येऊन थांबतो तिथे. बैठं, कौलारू. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं तळ्याकडे. मागच्या दाराबाहेर लांबरुंद दगडी ओटा आणि ओट्याच्या पायऱ्या थेट पाण्यात. ‘लेक हाऊस’ म्हणतात ते हेच, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला तळ्यावरचं घर म्हणायचो, आणि ते म्हणताना कौतुकापेक्षा डासांची तक्रारच जास्त असायची.

घरात आम्ही तिघं. आई ऐंशीच्या घरातली, अजून लाल लुगडं नेसणारी, सकाळच्या मिस्साला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, चालत जाणारी. बायको नर्स आहे. पाळीवरून आली की घर म्हणजे तिच्या दृष्टीने एक पंखा आणि एक उशी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेत मी बोलतो, कारण तिथे बोलण्याचा पगार मिळतो. घरी माझी ख्याती निराळी. “त्याला काय विचारता, तो हू म्हनेल,” असं आई आल्यागेल्याला सांगते. लग्नात फादरांनी ‘हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का’ असं विचारलं तेव्हाही मी ‘हू’ म्हणालो होतो, त्यामुळे त्यांना परत विचारावं लागलं, असं बायको अजून चारचौघांत सांगते.

आता मागच्या दाराचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापायी झालं.

तळं गावाचं आहे. पावसाळ्याआधी पाणी आटलं की एक दिवस ठरवून गावातले पुरुष जाळी घेऊन उतरतात. निघालेली मासळी आमच्या ओट्यावर येते, कारण त्या काठावर फरसबंद जागा तेवढी एकच. रोहू, कटला, चिलापी, नशीब असलं तर एखादी मरळ. घरटी एक असे वाटे मांडतात. मांडणारा कितीही सरळ असला तरी कुठे डोकं मोठं जातं, कुठे पोट. मग भांडण नको म्हणून आमच्याकडे रीत आहे. एक बाई वाट्यांकडे पाठ करून बसते. दुसरा कोणी एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, “ह्यो कोनाचा?” आणि ती न बघता घर सांगते. विहिरीवरच्यांचा. चिंचेखालच्यांचा. क्रुसासमोरच्यांचा. तिच्या तोंडून निघेल ते ज्याच्या त्याच्या टोपलीत. पाठीमागे काय पडलंय ते तिला दिसत नाही, त्यामुळे तिला कोणी काही म्हणू शकत नाही.

ती बाई म्हणजे माझी आई. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून तीच. ओट्यावर पाट टाकून ती मागच्या दाराकडे तोंड करून बसायची. दाराच्या आत आमची अंधारी पडवी; त्या काळोखात नजर लावून ती घरं सांगत जायची. गावातल्या कुठल्या कमिटीवर ती नाही, लिहिणं सहीपुरतं. पण त्या दिवशी सगळं गाव तिच्या पाठीकडे बघत ताटकळत उभं असायचं.

तर घराची दुरुस्ती निघाली. कौलं गळत होती, आणि डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यांसाठी खुर्चीसारखा संडास सांगितला होता. आईच्या मते काम एवढंच. बायकोचं म्हणणं त्याहून थोडं जास्त, की स्वयंपाक करताना कोपर भिंतीवर आपटू नये. दोघींची यादी संपली.

माझी मात्र कोणाला माहीत नव्हती.

शाळेतून आलो की मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचो आणि त्याच्या आडोशाला मोबाइल उभा करायचो. कानात वायर. बायकोला वाटायचं मी भक्तिगीतं ऐकतो, आईला वाटायचं माझा कान दुखतो. मी ऐकत असायचो ते असं, की येत्या वर्षी तळ्याकाठच्या घरांत काय चालणार आणि काय जाणार. पांढऱ्या भिंती गेल्या. राखाडी तर केव्हाच गेली. राखाडीबद्दल ती माणसं वारलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात. आता मातीचे रंग येणार. भिंत गुळगुळीत नको, हात फिरवला तर खरखर लागली पाहिजे. सोफ्याला कोपरे नकोत. लाकूड गडद हवं, वेताचं विणकाम हवं, पितळेच्या कड्या घासायच्या नाहीत, काळवंडू द्यायच्या. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे घर आणि तळं यांच्यामध्ये भिंत नको. बाहेरचं आत आलं पाहिजे. हे सांगणारा दाढीवाला एका प्रचंड काचेपुढे उभा राहून कॉफी पीत होता. अंगावर घोंगडी, मागे निळं पाणी, पाण्यापलीकडे बर्फाचा डोंगर.

माझ्याही मागे तळं होतं. त्यात म्हशी बसल्या होत्या, आणि वसईत घोंगडी पांघरायची तर आधी ताप यावा लागतो. बाहेरचं आत येणं तर आमच्याकडे फार पूर्वीपासून चालू होतं. पावसाळ्यात बेडूक यायचे. एकदा धामण येऊन घरच्या आल्ताराखाली, म्हणजे देव्हाऱ्याखाली, वेटोळं करून बसली, तेव्हा आईने रोझरीची प्रार्थना संपेपर्यंत आम्हांला कोणाला हलू दिलं नाही, धामणही थांबली. पण मनाला हे सगळं सांगून उपयोग नसतो. मला ती काच हवी होती.

वसई रोडला राहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी इंटिरियरचं काम करते. तिला बोलावलं. ती टेप घेऊन घरभर फिरली, पेन्सिल कानाला लावली आणि म्हणाली, “सर, तुम्हाला नक्की काय हवंय?”

“हू,” मी म्हणालो.

“सर, ‘हू’ मला ड्रॉइंगमध्ये काढता येत नाही.”

मग मी दार लोटलं आणि तिच्या हातात मोबाइल दिला. साठवून ठेवलेले व्हिडिओ ती वर सरकवत राहिली, सरकवत राहिली. “सर, हे सगळं तुमचं?”

“कोणाला सांगू नकोस.”

“अहो सर, लोक मोबाइलमध्ये भलतंच काही लपवतात,” ती म्हणाली. “तुम्ही सोफे लपवलेत!”

आणि ती कामाला लागली. मागची भिंत दारासकट काढायची आणि तिथे पूर्ण काच. सरकती नको, रुळात माती जाते. फिक्स्ड करू. थोडी धुरकट, म्हणजे दुपारचं ऊन बोचणार नाही. ओट्यावर जायला स्वयंपाकघराचं लहान दार आहेच. “घरच्यांना विचारलंत ना, सर?”

“हू,” मी म्हणालो.

आयुष्यात मी इतक्या वेळा ‘हू’ म्हणालोय, पण खोटा तेवढा तोच.

घरी मी ‘मागे थोडं काम आहे’ एवढंच सांगितलं. भिंत पाडायचा दिवस असा निवडला की आई मिस्साला असेल आणि बायको पाळीवर. पण बायकोची पाळी लवकर सुटली. ती आली तेव्हा भिंत गेलेली, दार जांबाच्या झाडाला टेकवलेलं, आणि मातीच्या धुरळ्यात मी. तिने तोंडाला पदर बांधला आणि झाडू घेतला, कारण धूळ दिसली की तिला दुसरं काही सुचत नाही. नेमकी त्याच वेळी आई आली. तिला दिसलं ते असं: दार बाहेर, भिंत गायब, आणि मधोमध कंबर कसून झाडू मारणारी सून.

“माजं दार कुनी काडलं?” आईने तिला विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं.

मी सिमेंटच्या गोणीवरचा मजकूर वाचत होतो. सगळा वाचला. कोरड्या जागी ठेवावे, असं होतं.

“तुला नको व्हतं तर मला सांगायचं,” आई म्हणाली. “मी काय डोक्यावर घेऊन बसले नसते दार.” आणि ती देवळात जाताना न्यायची ती छोटी पिशवी तशीच हातात धरून पुढच्या खोलीत जाऊन बसली.

आत गेल्यावर बायको म्हणाली, “मास्तर, तोंड दिलंय ना देवाने?”

“सांगतो तिला.”

“तुम्हीच सांगायचं. मी तुमची वकील नाही. मी एक अक्षर बोलणार नाही. कधी सांगताय?”

“हू,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात आई उमेळ्याला माझ्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना रिक्षातून वाकून तिने सुनेला सांगितलं, “तुजी ती काच हाय तवर मी या घरात बसायची नाय. वाट्याच्या दिवशी येईन. गावासाठी. ओट्यावर येईन, आत नाय.” आणि मला म्हणाली, “तू जेव वेळेवर.” ते ‘जेव वेळेवर’ मला फार लागलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि खरं सांगू का? काच सुंदर झाली. हे लिहिताना लाज वाटते, पण आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. सकाळी उठून मी तिच्यापुढे उभा राहायचो. तळ्यावर धुकं, एखादा खंड्या, पलीकडच्या काठावर कपडे आपटणाऱ्या बाया, आणि त्यांचा आवाज आत येत नसल्यामुळे त्या कपड्यांना हळूच समजावत असल्यासारख्या दिसायच्या. मातीच्या रंगाच्या खरखरीत भिंती, कोपरे नसलेला सोफा, न्हाणीघरात पायांखाली गोटे. मी आतून इतका सुखी होतो की चेहरा पाडून ठेवायला कष्ट पडायचे.

“आवडली?” बायको मागून विचारायची.

“हू.”

“आवडणारच. किंमत मी मोजतेय.”

दर रविवारी आम्ही उमेळ्याला जायचो, वाडीतली केळी घेऊन. आई चहा करायची, बशी सुनेपुढे सरकवायची आणि विचारायची, “कशी हाय तुजी काच? पुसतेस ना रोज?”

“पुसतात आय,” बायको म्हणायची. “हेच पुसतात. फार जपून पुसतात.” आणि माझ्याकडे बघायची. मी बशीत चहा ओतायचो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात पापनिवेदनाला गेलो तेव्हा हे फादरांना सांगितलं. जाळीपलीकडून आवाज आला, “काच केवढी आहे?”

मी सांगितलं.

“उघडते?”

“नाही फादर, फिक्स्ड आहे.”

“डास येत नसतील मग,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून, “घरी जा आणि आईला खरं सांग. हेच प्रायश्चित्त.”

मी विचारलं, त्याऐवजी रोझरी चालेल का? म्हणाल तितक्या म्हणतो.

“नाही,” ते म्हणाले. “तोंडातल्या तोंडात म्हणता येईल असं तुला काही देणार नाही.”

पुढच्या रविवारीही मी चहाच प्यायलो.

वाट्याचा दिवस आला. सकाळपासून जाळी पाण्यात होती. ओट्यावर माणसं, टोपल्या, पातेली, आणि मासळीचा तो गढूळ वास जो नंतर आमच्या घरात आठवडाभर राहतो. बहीण आईला रिक्षाने सोडून परत गेली. संध्याकाळी न्यायला येणार होती. आई घराला वळसा घालून मागे आली. आत डोकावलीसुद्धा नाही. तिने पाट मागितला, नेहमीच्या जागी टाकला, लुगडं सावरलं आणि घराकडे तोंड करून बसली. मागे वाटे मांडून झाले. काठी माझ्या चुलतभावाकडे होती. वाटे मांडतोही तोच, दर वर्षी. त्याने पहिल्या वाट्यावर काठी टेकवली.

“ह्यो कोनाचा?”

आईने मान वर केली, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

“ह्यो कोनाचा, काकी?”

“मला दिसतंय,” आई म्हणाली.

“काय दिसतंय?”

“समदं. तू दिसतोस. काठी दिसते. कडेच्या वाट्यात मरळ हाय, तिचं शेपूट खाली लोंबतंय.”

सगळ्यांनी कडेच्या वाट्याकडे बघितलं. शेपूट लोंबत होतं. मग सगळ्यांनी काचेकडे बघितलं. भर उन्हात ती धुरकट काच लख्ख आरसा झाली होती आणि तिच्यात ओटा, वाटे, टोपल्या, सगळं गाव ओळीने उभं होतं, अगदी शेवटी मी.

आठवीला मी दर वर्षी प्रकाशाचं परावर्तन शिकवतो. ‘मुलांनो, आरसाच लागतो असं नाही. पुढे उजेड आणि मागे काळोख असला तर साधी काचसुद्धा आरशाचं काम करते,’ असं म्हणून वर्गाच्या खिडकीकडे बोट दाखवतो. इतकी वर्षं बोट दाखवतोय. माझ्या घराला तो धडा लागू पडेल हे काही डोक्यात आलं नाही.

“मग आज मरळ मावशीलाच!” मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. वाईट हेतूने कोणी म्हटलं नव्हतं. पण आईची पाठ ताठ झाली. ज्या पाठीवर गावाने एवढी वर्षं भरवसा ठेवला, तिची थट्टा झालेली मी पहिल्यांदा बघत होतो.

मग उपाय सुरू झाले. उपाय सुचवायला आमच्या गावात माणसं कमी पडत नाहीत.

“डोळ्यांना फडकं बांधूया का?”

“चोराचे बांध,” आई म्हणाली.

“पदर ओढून घ्या ना तोंडावर.”

“मी काय नवरी हाय?”

पाट जांबाच्या झाडाकडे फिरवून बघितला. तिथून डोळ्याच्या कोपऱ्यातून अर्धे वाटे दिसत होते. कोणी चादर आणली, ती काचेवर धरली, तर तळ्यावरच्या वाऱ्याने ती उडून एका टोपलीत पडली. मी धावत आत जाऊन नवे पडदे ओढले. त्या व्हिडिओंच्या मते येत्या वर्षी पडदे विरळ असतात, आरपार. आणि आतून ओढलेल्या पडद्याने बाहेरचा आरसा झाकला जात नाही, हेही आठवीलाच आहे.

“मास्तर, पडदे आहेत की मच्छरदाणी?” चिंचेखालची बाई म्हणाली.

“राहू द्या,” आई म्हणाली. “आता झाकून काय उपेग? मी बघितलंय.” आणि ती सुनेकडे वळली. बायको कोकम सरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. “झालं समाधान? दार नेलंस ते नेलंस. आज तुज्या काचेनं माजं तोंडच बंद केलं.”

“आजकालच्या सुनांना घराचा शोकेस पायजे,” चिंचेखालची बाई पुटपुटली, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. आधी प्रत्येक वेळी बघायची. रागाने, थट्टेने, कशी का होईना. त्या वेळी तिने खाली पेल्यांकडे बघितलं, जसं काही मी तिथे नव्हतोच. ते मला झेपलं नाही.

“काच माझी आहे,” मी म्हणालो.

“काय म्हणतोय मास्तर?” चुलतभावाने विचारलं.

मग मी वर्गातला आवाज काढला. “काच मला हवी होती! हिला काही माहीत नव्हतं. भिंत पाडली तेव्हा ही पाळीवर होती. दार मी काढायला लावलं. आय, हिने फक्त केर काढला!”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. म्हशीसुद्धा माझ्याकडे बघत होत्या असं मला वाटलं. आणि एकदा बांध फुटल्यावर मला थांबता येईना. “सोफ्याला कोपरे नाहीत ते माझं. न्हाणीघरातले गोटे माझे. भिंतीचा तो रंग, त्याला ओली चिकणमाती म्हणतात, तोही मीच निवडला.”

“तो रंग आहे?” चिंचेखालची बाई म्हणाली. “आमाला वाटलं, रंग द्यायचा राहिलाय.”

आई पाटावरच हळूहळू वळली. आता तिचं तोंड गावाकडे होतं. “का रं?” तिने विचारलं.

“मला तळं बघायचं होतं.”

“तळं? त्यात पवायला शिकलास, त्यातच बुडत व्हतास, वर मी काडला. अजून बघायचं राहिलं?”

“घरात बसून,” मी म्हणालो. “निवांत. कोणी काही काम न सांगता.”

यावर जो हशा उठला तसा मी आमच्या ओट्यावर कधी ऐकला नव्हता. जाळी धुणारे पुरुष पाण्यात उभे राहून हसत होते. आई तेवढी हसली नाही.

“मग मागायचंस,” ती म्हणाली. मग गावाला सांगितल्यासारखं, पण आवाज खाली आणून, “लहानपनापास्नं ह्यानं काय मागितलंच नाय. पायात चप्पल चावायची तरी बोलायचा नाय. मी समजायचे, पोराला काय नकोच असतं.” मग सुनेला म्हणाली, “आनि तुज्या तोंडाला काय झालं व्हतं? तू का नाय बोललीस?”

“तुम्ही जन्म दिलात आय, तुम्हाला यांना बोलतं करता आलं नाही,” बायको म्हणाली. “मी तर मागाहून आले.”

तेव्हा आई हसली. आधी खांदे हलले, मग सगळी. डोळे पुसून तिने हात पुढे केला आणि चुलतभावाकडून काठी मागून घेतली. “माजं आज बाद. मी बघितलंय. परत मांडा वाटे, आनि हिला बसवा.”

“हिला कुठे बसवणार? जिकडे जाल तिकडे तळं दिसतंय,” चुलतभाऊ म्हणाला, आणि ते खरं होतं. त्या बाबतीत काम अगदी व्हिडिओबरहुकूम झालं होतं. हॉलमधून तळं, स्वयंपाकघरातून तळं, बिछान्यावरून तळं. न दिसणारी जागा घरात एकच उरली होती. बायकोने ट्रे माझ्या हातात दिला, मोबाइल घेतला, आत गेली आणि न्हाणीघराचं दार लावून झाकण टाकलेल्या कमोडवर बसली. तिथून तिने चुलतभावाला फोन लावला. त्याने स्पीकर सुरू केला.

“ह्यो कोनाचा?” आईने काठी टेकवली.

“विहिरीवरच्यांचा!” फरश्यांमुळे आवाज असा घुमत आला की दोन बायांनी डोक्यावर पदर घेतला.

“देवळात बसलीय जशी,” कोणी म्हणालं.

“ह्यो कोनाचा?”

“क्रुसासमोरच्यांचा!”

पुढच्या वाट्यापाशी आई थांबली. इतकी वर्षं हे काम करून तिने वाटे वाटताना कधी बघितलेच नव्हते. आता ती वाकून बघत होती. “काय रं,” ती चुलतभावाला म्हणाली, “ह्यात नुसती डोकीच हायत.”

“काकी, ते चुकून...”

“आनि ह्यात समदी पोटं. इतकी वर्सं असंच मांडतोस?”

“तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून कोणी बोललं नाही,” चिंचेखालची बाई म्हणाली.

“हॅलो?” फोनमधून आवाज घुमला. “कोणी आहे का? मला इथे उकडतंय.”

आईने स्वतः काठीने डोकी-पोटं इकडची तिकडे करवली आणि मगच पुढे विचारलं. मरळ गेली चिंचेखाली, म्हणजे जिने शोकेस म्हटलं होतं तिलाच. तिने ती घेताना माझ्या बायकोच्या नावाने काही पुटपुटलं, ते या वेळी कोणाला ऐकू गेलं नाही. “आमचा!” असं फोनमधून आलं तेव्हा काठी ज्या वाट्यावर होती त्यात बोटाएवढ्या चिलापी होत्या.

संध्याकाळी बहीण रिक्षा घेऊन आली. ओटा धुऊन झाला होता. आई बाहेर कुठे दिसेना. बघतो तर ती घरात. स्वयंपाकघराच्या दाराने कधी आत आली ते कोणाला कळलं नाही. काचेपुढे उभी होती. ऊन उतरलं होतं आणि पायरीवर बगळा सांडलेलं काहीबाही वेचत होता, हात लांब करावा इतका जवळ.

“चल आय,” बहीण म्हणाली.

एरवी मी तिची पिशवी उचलून रिक्षात नेऊन ठेवली असती. बोलण्यापेक्षा ते सोपं.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो. “मला तू इथे हवी आहेस. काच नको असेल तर काढून टाकतो.”

आईने माझ्याकडे बघितलं, मग बगळ्याकडे. “कशाला काडतोस? दार कर तिला. सैपाकघराला वळसा घालून मी ओट्यावर जायची नाय.” मग ती सोफ्यावर टेकली आणि खोल गेली. “ह्याला कोपरा नाय, तर धरून उठायचं कशाला?”

“मला धरून,” मी म्हणालो.

“तू शाळेत असतोस.” तिने बहिणीला सांगितलं, “माजी लुगडी उद्या पाठवून दे. आनि जाताना चिलापी घेऊन जा थोडी. हिनं समद्यात बारका वाटा आपल्यालाच काडला.”

“आय, मला दिसत नव्हतं!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

“तेच म्हनते,” आई म्हणाली. “पुडच्या वर्साला पन तूच बस.”